वापरलेला कॅमेरा घेतांना

घरांत वापरलेली वस्तु विकत आणण्याची चाल महाराष्ट्रांत नवी नाहीं. बाजाची पेटी, शिवण्याचें यंत्र, सायकल, भिंतीवरचें घड्याळ ह्या वस्तू मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत पुष्कळदां दुसऱ्याच्या घरूनच आल्या. पेटी घ्यावयाची झाली, तर सुरांची जाण असलेला एखादा शेजारी बरोबर नेत. सायकल घ्यावयाची झाली, तर चाक फिरवून तें डुगतें कीं काय, हें पाहत. जुनी वस्तु घेण्यांत कमीपणा कोणी मानीत नसे. पारख न करतां घेण्यांत मात्र मानीत. अलीकडे ह्या वस्तूंच्या यादींत एका नव्या यंत्राची भर पडली आहे. तें यंत्र म्हणजे कांहीं वर्षें वापरला गेलेला डिजिटल एसएलआर कॅमेरा.

पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या टापूंतील एखाद्या नोकरदार गृहस्थाचा विचार करावा. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोईसरजवळची औद्योगिक वसाहत, तारापूरचें अणुवीज केंद्र, जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि मुंबईकडे धांवणारी पश्चिम रेल्वे ह्यांच्या आधारानें येथें सुशिक्षित पगारदारांचीं हजारों बिऱ्हाडें नांदत आहेत. अशा गृहस्थाच्या खिशांत मोबाइल असतोच. कदाचित् कपाटांत पांचसहा वर्षांपूर्वीं घेतलेला प्राथमिक दर्जाचा एखादा डीएसएलआरही असतो. मुलीच्या स्नेहसंमेलनांत मागच्या रांगेतून काढलेला तिच्या नाचाचा फोटो धुरकट येतो. केळव्याच्या सुरूंतून दिसणारा सूर्यास्त डोळ्यांना दिसला तसा उतरत नाहीं. आणि वरच्या प्रतीच्या कॅमेऱ्याची इच्छा मनांत घर करूं लागते. नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून ती मावळते, जुन्या कॅमेऱ्याची जाहिरात पाहून पुन्हां जागी होते. दिवाळीच्या बोनसांतून बाजूला काढलेली रक्कम लहान नसते. त्याच पैशांत घरांतली दुसरी एखादी निकड भागली असती. म्हणूनच ह्या खरेदींत हौसेइतकाच हिशेबही पाहिला पाहिजे.

प्रथम हे कॅमेरे स्वस्त कां झाले, तें समजून घेणें इष्ट होईल. एसएलआर ह्या नांवाचा अर्थ एवढाच कीं, भिंगांतून आलेला प्रकाश आंतल्या आरशावर पडून वरच्या भागांतून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतो. जें भिंग चित्र घेणार, त्याच भिंगांतून डोळा पाहत असतो. कळ दाबली कीं आरसा वर उचलला जातो, शटरचा पडदा क्षणभर उघडतो आणि पूर्वीं जेथें फिल्म असे, तेथें बसविलेल्या सेन्सरवर प्रकाश पडतो. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्यानें जुळविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं त्याच कंपनीनें निकॉन एफ३ ह्या कॅमेऱ्याला डिजिटल अंग जोडून तो विक्रीस काढला. १९९९ सालीं निकॉनचा डी१ आला. त्याची क्षमता २.७ मेगापिक्सेल एवढीच होती. २००३ सालीं कॅननचा ३००डी हा कॅमेरा अमेरिकेंत हजार डॉलरांच्या आंत मिळूं लागला, आणि जी वस्तु वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनाच परवडत होती, ती हौशी माणसाच्या आटोक्यांत आली.

पुढील दहापंधरा वर्षें ह्या कॅमेऱ्यांच्या भरभराटीचीं होतीं. २०१८ सालीं मात्र निकॉन व कॅनन ह्या दोन्ही कंपन्यांनीं मोठ्या सेन्सरचे आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस, कॅमेरे काढले आणि आपलें लक्ष तिकडे वळविलें. २०२० नंतर ह्या दोहोंपैकीं एकीनेंही नवा डीएसएलआर बाजारांत आणलेला नाहीं. लग्नकार्यांचे फोटो काढणारे व्यवसायी नव्या यंत्रांकडे वळले आणि त्यांचे जुने कॅमेरे विक्रीस निघाले. यंत्र चालू स्थितींत असतांना केवळ मागणी हटल्यामुळें त्याचा भाव उतरावा, ह्यांतच ग्राहकाचा लाभ आहे. त्याचबरोबर हेंही ध्यानांत धरावें कीं, ज्या वस्तूचें नवें उत्पादन थांबत चाललें आहे, तिचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. जुन्या कॅमेऱ्याची स्वस्ताई ह्या दोन्ही कारणांनीं मिळून ठरलेली असते.

आतां असा कॅमेरा घेतल्यानें मिळतें काय? सर्वांत मोठा लाभ सेन्सरच्या आकाराचा. पूर्ण आकाराचा, म्हणजे फुल फ्रेम, सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. त्याचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरतें. निकॉनच्या डी७००० सारख्या मधल्या आकाराच्या सेन्सरचें क्षेत्रफळ सुमारें ३६८ चौरस मिलिमीटर आहे. चांगल्या, महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यांतही तें ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतें. अंगण मोठें असलें कीं पावसाचें पाणी अधिक सांठतें, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश अधिक पडतो. आणि छायाचित्र म्हणजे अखेर प्रकाशाचाच हिशेब. दुसरा लाभ भिंगें बदलण्याचा. तिसरा, डोळा लावून पाहण्याच्या खिडकीचा. भर दुपारच्या उन्हांत समुद्रकिनाऱ्यावर मोबाइलचा पडदा दिसेनासा होतो, तेव्हां ह्या खिडकीची किंमत कळते.

मेगापिक्सेलच्या आंकड्याला मात्र ग्राहकानें भुलूं नये. २००८ सालच्या निकॉन डी९० ची क्षमता १२.३ मेगापिक्सेल आहे, आणि आजच्या मोबाइलांच्या जाहिरातींतील आंकड्यांपुढें ती केविलवाणी वाटते. परंतु त्या कॅमेऱ्याचें चित्र ४२८८ बाय २८४८ बिंदूंचें असतें. छपाईच्या उत्तम प्रतीसाठीं इंचाला ३०० बिंदू धरले, तरी त्यांतून चौदा इंच लांब व नऊ इंच रुंद फोटो निघतो. दिवाणखान्यांत टांगावयाच्या फोटोला ह्याहून अधिक सहसा लागत नाहीं.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोबाइल एका क्षणांत अनेक चित्रें घेतो, त्यांतील उजळ व अंधारे भाग आपणच जुळवितो आणि तयार फोटो हातीं देतो. जुना डीएसएलआर हें कांहीं करीत नाहीं. तो मिळाला तेवढा प्रकाश प्रामाणिकपणें टिपतो आणि पुढचें काम माणसावर सोडतो. चलच्चित्रणांत तर त्याची मजल फारच थोडी. डी९० हा चलच्चित्र घेणारा पहिला डीएसएलआर खरा, पण त्यांत सर्वांत वरच्या प्रतीचें चित्रण एका वेळीं जास्तींत जास्त पांच मिनिटांचेंच होतें. काढलेला फोटो तत्काळ नातेवाइकांच्या गटावर धाडणें एवढाच ज्याचा हेतु असेल, त्यानें हा खर्च करूं नये. हातांतला मोबाइल त्याला पुरेसा आहे.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं मनाशीं एक प्रश्न सोडवावा: फोटो कशाचे काढावयाचे आहेत? पालघर जिल्ह्यांत ह्या प्रश्नाचीं निदान तीन उत्तरें संभवतात. डहाणू, जव्हार, विक्रमगड ह्या तालुक्यांतील पाड्यांवर रात्रीं तारप्याच्या सुरावर फेर धरला जातो. तेथें उजेड थोडा आणि पावलें वेगवान. ज्याला हें टिपावयाचें असेल, त्याला अंधाराला न डरणारा सेन्सर हवा. २००८ सालचा निकॉन डी७०० किंवा त्याच सालचा कॅनन ५डी मार्क २ हे पूर्ण आकाराचे कॅमेरे आजही अशा कामीं उपयोगीं पडतात. दुसरें उत्तर सातपाटीच्या बंदरांतल्या होड्या, वाळत घातलेली मासळी, खाडींतल्या चिखलावर उतरणारे पक्षी. तेथें सूर्यप्रकाश भरपूर असतो, पण विषय दूर असतो. अशा वेळीं मधल्या आकाराचा सेन्सर उलट सोयीचा; निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरचें भिंग ४५० मिलिमीटरइतकें दूरचें दृश्य जवळ आणतें. तिसरें उत्तर घरचीं माणसें. आजीचा चेहरा, पाटावर बसलेलें मूल, गौरींची आरास. ह्या कामासाठीं महागड्या कॅमेऱ्याची गरज नाहीं. एका चांगल्या भिंगाची मात्र आहे.

भिंगाचा हा मुद्दा पुष्कळांच्या ध्यानांत उशिरा येतो. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारें साधें झूम भिंग पुढें सरकविलें कीं त्याचें तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतें. ५० मिलिमीटरचें एफ १.८ चें साधें भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आंत घेतें. म्हणजे स्नेहसंमेलनाच्या मंद दिव्यांत जेथें पहिल्या भिंगाला सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडें ठेवावें लागेल, तेथें दुसऱ्याला सव्वाशेवा भाग पुरतो, आणि नाचणाऱ्या मुलीचा हात धुरकट न होतां स्पष्ट उमटतो. ज्याच्या घरीं एखादा डीएसएलआर आधींच आहे, त्यानें कॅमेरा बदलण्यापूर्वीं असें एक भिंग घेऊन पाहावें. कित्येकदां बढतीची इच्छा तेवढ्यानेंच तृप्त होते आणि उरलेले पैसे शिल्लक राहतात.

तरीही कॅमेरा बदलावयाचा ठरला, तर जुन्याकडे जातांना एक विशेष सावधगिरी घ्यावी लागते. नवें भिंग जुन्या कॅमेऱ्यावर चालेलच, असा नियम नाहीं. समजा, एखाद्याजवळ निकॉनचा २०१६ सालचा डी३४०० आहे आणि त्याबरोबर आलेलें एएफ-पी जातीचें भिंग आहे. त्यानें वरच्या प्रतीचा म्हणून २०१० सालचा डी७००० घेतला, तर तें भिंग त्यावर बसेल, पण फोकस होणार नाहीं; कारण तो कॅमेरा तयार झाला तेव्हां ह्या जातीचें भिंग अस्तित्वांतच नव्हतें. कॅननची गोष्ट निराळी, पण परिणाम तोच. प्राथमिक कॅमेऱ्याबरोबर मिळणारें ईएफ-एस जातीचें भिंग पूर्ण आकाराच्या ५डी वर बसतच नाहीं. उलट दिशेचाही एक खळगा आहे. निकॉनचीं जुनीं एएफ व एएफ-डी भिंगें स्वस्त व सुरेख असतात; परंतु त्यांना फोकस करण्याची मोटर कॅमेऱ्यांत असावी लागते. ती डी९०, डी७०००, डी७०० ह्यांत आहे. डी३००० व डी५००० ह्या मालिकांतील कॅमेऱ्यांत नाहीं. जवळचीं भिंगें नव्या घरीं नांदतील कीं नाहींत, ह्याची चौकशी न करतां केलेली खरेदी म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

पैशाची वांटणी करण्याची एक साधी रीत सांगतां येईल. शंभर रुपये खर्चावयाचे असतील, तर चाळीस कॅमेऱ्याच्या सांगाड्यास, म्हणजे बाजाराच्या भाषेंत बॉडीस, द्यावे. चाळीस भिंगास द्यावे. आणि वीस हातचे राखावे. नवी बॅटरी, कार्ड, सफाई आणि कोरडें ठेवण्याची सोय ह्यांत ते वीस हां हां म्हणतां जातात. २००५ सालच्या कॅनन ५डी सारख्या कांहीं कॅमेऱ्यांना कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचें जुनें कार्ड लागतें. तें व तें वाचणारें साधन ह्यांचाही खर्च हिशेबांत धरावा.

आतां प्रत्यक्ष पारख. पहिली गोष्ट शटर किती वेळां उघडलें, ही. मोटारीच्या मैलांच्या आंकड्याप्रमाणें हा आंकडा वापराची कल्पना देतो. निकॉनच्या कॅमेऱ्यांत तो प्रत्येक फोटोच्या माहितींत नोंदलेला असतो. विक्रेत्याकडून त्याच दिवशीं काढलेला, फेरफार न केलेला एक फोटो घेतला कीं संगणकावर तो वाचतां येतो. कॅननच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत तो फोटोंत लिहिलेला नसतो. त्यासाठीं कॅमेरा तारेनें संगणकाला जोडून निराळी आज्ञावली वापरावी लागते. डी९० चें शटर एक लाख वेळां आणि डी७००० व डी७०० यांचें दीड लाख वेळां उघडमीट करून कंपनीनें तपासलेलें आहे. हा आंकडा म्हणजे आयुष्याची शेवटची तारीख नव्हे. कांहीं शटरें त्याआधींच निकामी होतात, कांहीं त्यापुढेंही चालतात. दर रविवारीं पन्नास फोटो काढणाऱ्या गृहस्थाचे वर्षाला २६०० होतात, आणि लाखाचा पल्ला गांठण्यास त्याला अडतीस वर्षें लागतील. तेंच एका लग्नांत दोन हजार फोटो काढणारा व्यवसायी चाळीस लग्नांतच ऐंशी हजारांवर जातो. तेव्हां कॅमेऱ्याचें वय विचारण्यापेक्षां तो कोणाच्या हातीं होता, हें विचारणें अधिक शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट सेन्सरची. भिंगाचें तोंड एफ १६ पर्यंत लहान करून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असेल, तर करडे ठिपके उमटतात. धूळ साफ होते. ओरखडा मात्र साफ होत नाहीं, आणि दोहोंतला भेद सफाईनंतरच खात्रीनें कळतो. २०१२ सालच्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर वारंवार ठिपके पडत असल्याच्या तक्रारी आल्यावर कंपनीनें २०१४ सालीं हमीची मुदत संपलेल्या कॅमेऱ्यांचेंही शटर विनामूल्य बदलून देण्याचें जाहीर केलें होतें. असा कॅमेरा समोर आला, तर ती दुरुस्ती झाली होती काय, हें अवश्य विचारावें.

तिसरी गोष्ट ह्या किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे बुरशी. पालघरच्या पट्टींत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेंतील ओलावा पुष्कळ दिवस ८० टक्क्यांच्या वर राहतो. अंधाऱ्या कपाटांत, चामड्याच्या किंवा कापडी पिशवींत बंद राहिलेल्या भिंगाच्या आंतल्या कांचेवर अशा हवेंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु वाढतात. प्रारंभीं ते फोटोंत दिसत नाहींत. पुढें चित्र फिकट व धुरकट होऊं लागतें. बुरशीपासून निघणारें आम्ल कांचेवरचा मुलामा खातें, आणि तसें झालें कीं कांच पुसूनही डाग राहतो. पारखण्याची रीत सोपी आहे. भिंग कॅमेऱ्यापासून सोडवून, त्याचें तोंड पूर्ण उघडून, मागून विजेरीचा झोत टाकावा आणि तिरक्या नजरेनें आंत पाहावें. धुळीचे दोनचार कण क्षम्य आहेत. तंतूंचें जाळें क्षम्य नाहीं. विक्रेता कितीही सवलत देवो, जाळें धरलेलें भिंग घरांत आणूं नये.

ह्याखेरीज हाताच्या पकडीचें रबर सुटलेलें आहे काय, बॅटरी फुगलेली आहे काय, तिच्या खोबणींतले धातूचे टांक हिरवट झाले आहेत काय, तेंही पाहावें. हिरवटपणा हा खाऱ्या हवेचा पुरावा. प्रत्येक कळ दाबून, प्रत्येक चकती फिरवून पाहावी. जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर फोकस घेऊन फोटो मोठा करून तपासावा. ह्या सर्वाला अर्धा तास लागतो. अर्धा तास देण्यास जो विक्रेता कां कूं करतो, त्याच्याकडून कांहीं घेऊं नये.

खरेदी कोठें करावी? मुंबईच्या फोर्ट भागांतील बोरा बाजार हा कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठीं प्रसिद्ध आहे. बोईसरहून निघणाऱ्या माणसाला तेथें जाऊन येण्यास एक दिवस मोडावा लागतो. पण तेथें चार दुकानांत चार नग हातीं घेऊन तुलना करतां येते, आणि दुकानदार थोड्या दिवसांची कां होईना, हमी देतो. गांवांतल्याच परिचिताकडून घेतल्यास भाव कमी पडतो व वस्तूचा इतिहास कळतो. घरबसल्या जाहिरात पाहून, वस्तु हातीं न घेतां पैसे धाडणें ही रीत मात्र दुरून डोंगर साजरे म्हणावे, तशी आहे. खरेदी कोठेंही होवो, मूळ बिल मागावें आणि बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशीं असलेल्या क्रमांकाशीं ताडून पाहावा. बिल नसेल, तर विक्रेत्याकडून त्याच्या नांवपत्त्यासह व क्रमांकासह लेखी पावती घ्यावी. चोरीची वस्तु अजाणतां घरीं आली, तरी मनस्ताप चुकत नाहीं.

कॅमेरा घरीं आल्यावर त्याची निगा हा ह्या भागांत निराळा विषय होतो. झांकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत कॅमेरा व भिंगें ठेवावीं. डब्यांत ओलावा दाखविणारा लहानसा कांटा ठेवला, तर तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील, अशी व्यवस्था करतां येते. रंग बदलणाऱ्या पुड्या वापरल्यास त्या कधीं भाजून पुन्हां कोरड्या करावयाच्या, हें आपोआप कळतें. केळवें किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरून परत आल्यावर कॅमेरा किंचित् ओलसर फडक्यानें पुसून मग कोरडा करावा, म्हणजे मिठाचा थर राहत नाहीं. वाळूंत उभें राहून भिंग बदलूं नये. ज्यांचीं घरें कारखान्यांच्या जवळ आहेत, त्यांनीं कॅमेरा उघड्या खिडकीशीं ठेवूं नये. आणि सर्वांत उत्तम निगा म्हणजे वापर. आठवड्यांतून एकदां बाहेर निघालेल्या भिंगाला ऊन व वारा मिळतो. वर्षभर कपाटांत जपून ठेवलेलें भिंगच बुरशीला बळी पडतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्या प्रदेशाच्या आजच्या स्थितींत आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनीं १९६९ सालीं वीज देण्यास आरंभ केला. पुढें तिसऱ्या व चौथ्या संचांच्या वेळीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें आपल्या जागेवरून उठलीं. त्या गांवांतलीं अंगणें, विहिरी, देवळाचे पार कसे होते, हें आतां थोड्या घरांतल्या थोड्या फोटोंतच उरलें असेल. डहाणू तालुक्यांतील वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळानें १९ जून २०२४ रोजीं मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचीं विरार व बोईसर हीं दोन स्थानकें ह्याच जिल्ह्यांत योजलेलीं आहेत. बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे; कोणी ह्यांत उत्कर्ष पाहतो, कोणी उपजीविकेचा नाश. वादाचा निर्णय कांहींही लागो, किनारा आज आहे तसा राहणार नाहीं, एवढें उघड आहे. सरकारी दफ्तरांत नकाशे राहतील, मोबदल्याचे आंकडे राहतील. मासळी वाळत घालणारी बाई, चिकूच्या वाडींतली पहांट, भाताच्या खळ्यावरची मंडळी ह्यांची नोंद तेथें होणार नाहीं. ती नोंद घरोघरच्या कॅमेऱ्यांनींच करावयाची आहे.

मात्र नोंद करतांना दोन मर्यादा पाळल्या पाहिजेत. अणुवीज केंद्राचा परिसर प्रतिबंधित आहे. तेथें कॅमेरा उचलणें कायद्याविरुद्ध आहे. आणि पाड्यावर गेल्यावर माणसांची परवानगी घेतल्याखेरीज त्यांच्याकडे भिंग वळवूं नये. तारप्याचा फेर हा त्या लोकांचा सोहळा आहे, पाहुण्यांचा तमाशा नाहीं. काढलेल्या फोटोची एक छापील प्रत त्यांच्या घरीं पोंचती करावी. एवढ्या सौजन्यानें पुढच्या वेळीं दार उघडें राहतें.

ह्याच डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेचें साहित्य तें काय? गेरूनें सारवलेली भिंत, तांदुळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी. त्या काडीनें लग्नाचा चौक, शेत, झाडें, माणसें आणि त्यांचा फेर साऱ्या जगाला दाखविला; कारण काडी धरणाऱ्यानें आपलें गांव निरखून पाहिलें होतें. कॅमेऱ्याची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. पंधरा वर्षांपूर्वींच्या यंत्रानें घरांत येऊन कपाटांत जागा अडविली, तर तें कितीही स्वस्त मिळालें तरी महागच पडलें. तेंच यंत्र रविवारच्या पहांटे सातपाटीच्या बंदरावर किंवा आजीच्या खोलींत उजेडाकडे तोंड करून उभें राहिलें, तर त्यासाठीं मोजलेला पैसा वर्षभरांत वसूल होतो. घेणाऱ्यानें पारखून घ्यावें, कोरडें ठेवावें आणि वारंवार वापरावें.